कापूस नको

मे महिन्याची बारा तारीख, दुपारचे दोन,
परभणीत चव्वेचाळीस,
आणि मी मुबीनभाईच्या दुकानात
लेकीसाठी पिसांचं जाकीट उलटंपालटं करून बघतोय.

बाहेर रसवंतीचे घुंगरू.
आत उत्पला गळ्यापर्यंत चेन ओढून उभी,
हनुवटीवरून घाम ठिबकतोय.
"बसायलंय, पप्पा. हात वर केले तरी कंबर उघडी पडंना."
मुबीनभाई लेबल दाखवतात, जर्मनीचं.
मग घरचंच झालं की, मी म्हणतो,
आणि दुकानात पहिल्यांदा तिघंही हसतो.

यादी उत्तरकाशीहून आलीय.
पहिलीच ओळ: सुती कपडे आणू नयेत.
सूत घाम धरून ठेवतं, घाम गार पडतो,
आणि माणूसही.
मी ती ओळ दोनदा वाचली.
माझ्या मायनं जिनिंगमध्ये बावीस वर्षं
सरकी वेचली, रुई खोकली.
तिच्या नातीला कापूस चालत नाही.

मला बर्फातलं काही कळत नाही.
मी लाइनमन. मला पट्टा कळतो.
डिसेंबरात गोदाकाठच्या डीपीवर
पहाटे साडेतीनला चढलोय,
लोखंड असं गार की बोटं पक्कड विसरायची.
अंगात बनियन, त्यावर खाकी, त्यावर स्वेटर,
आणि स्वेटरच्या आत छातीशी कालचा पेपर.
मुबीनभाई थर थर म्हणून जे समजावतात
ते आम्ही रद्दीतून शिकलो होतो.

त्यांनी एक दोर काढला, निळा, चाळीस मीटर,
"एकदाच वापरलेला, निम्म्यात देतो."
नको.
जुनं जाकीट घेईन, जुना तंबू घेईन,
दोर जुना घेणार नाही.
त्यानं कुणाला झेललंय
ते तो सांगत नाही.
(दशरथच्या पट्ट्यानंही सांगितलं नव्हतं.
पिंगळीच्या खांबाखाली आम्ही त्याची चप्पल शोधत होतो,
एकच सापडली.)

उत्पला म्हणाली, दोर तिथं देतात, यादीत नाहीच.
मग आधी सांगायचं ना बापा.

बूट मात्र तासभर.
दोन जाड मोजे घालून, एक नंबर मोठे.
उतरताना अंगठा पुढं टेकला तर नख जातं म्हणे.
दुकानात उतार कुठला?
तसेच गेलो स्टेशनच्या दादऱ्यावर,
ती पायऱ्या चढली, उतरली, चढली, उतरली,
हमाल बघायलेत, एक म्हातारा विचारतो,
"पायाला काय झालंय वं लेकराच्या?"
तिसऱ्या जोडात ती थांबली. हलली नाही.
"हाच."
किंमत ऐकून मी थोडा हललो.

रात्री लाइट गेली.
मी बॅटरी तोंडात धरून हार्नेसची शिवण
नखानं टाका टाका तपासली.
मांडीच्या पट्ट्यावर एक धागा सैल होता.
कदाचित काहीच नसेल.
सकाळी शटर उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो;
मुबीनभाईंनी माझ्याकडं पाहिलं, धाग्याकडं नाही,
आणि दुसरा काढून दिला.

बूट बॅगेत मावेनात.
म्हणून पायातच घालून निघाली,
खाली बर्फाचे बूट, वर पंजाबी ड्रेस,
स्टँडासमोर डांबर पाघळलेलं.
हात हलवताना मी काही बोललो नाही,
फक्त, हातमोजे दोन जोड घेतलेस ना, एवढंच.

गाडी गेली.
रस्ता ओलांडताना खाली पाहिलं:
डांबरात तिच्या तळव्यांची नक्षी,
सहा पावलं, खोल,
सातवं ट्रकनं पुसलेलं.
मी बाजूनं चालत गेलो.