एकास सत्त्याऐंशी

पी.डब्ल्यू.डी.त एकतीस वर्षं
मी पूल काढले ट्रेसिंग पेपरवर,
त्यातले बरेच कधी झालेच नाहीत.
आता माडीवरच्या खोलीत, दाराच्या जुन्या फळीवर
कांसावली स्टेशन बांधतो आहे.
हे मात्र होणार.

प्रमाण एकास सत्त्याऐंशी.
म्हणजे चिरा चार मिलिमीटर लांब, दोन उंच.
पुठ्ठ्यावर रेघा मारून चिरे होत नाहीत
हे पहिल्याच वर्षी कळलं.
मग अंगणातला फुटका चिरा खलात कुटला,
वस्त्रगाळ केला, फेविकॉलात कालवला,
पायथ्याशी चहाचा सुका चोथा, शेवाळ म्हणून.
भिंत अशी दिसली पाहिजे
की आत्ताच कुणीतरी तिला टेकून
विडी ओढून गेलंय.

कौलं औषधाच्या खोक्यातल्या पन्हळी कागदाची,
सिग्नलची शिडी मच्छरदाणीतून कापलेली.
खिडक्यांनी मात्र दोन महिने खाल्ले.
इथल्या जुन्या घरांना काच नव्हती, शिंपल्या होत्या,
उजेड आत घेणाऱ्या
आणि आतलं काही बाहेर न सांगणाऱ्या.
प्लास्टिक लावलं, ते खोटं. बटर पेपर तेलकट.
शेवटी बाजारात पिएदाद चोणक खवलताना
माझ्याकडे बघून म्हणाली,
"हीं खवळां व्हरतले?"
एक खवला उजेडासमोर धरला
आणि मागची गिऱ्हाइकं ओरडेपर्यंत
मी त्या खिडकीपाशी उभा होतो.
घरात महिनाभर वास. बायको काही बोलली नाही,
फक्त माझं ताट माडीवर पाठवू लागली.

रुळापलीकडे घर एस्पेरान्साचं.
टेप घेऊन मोजायला गेलो तर दार अर्धंच उघडलं.
टेप घेऊन येणारी माणसं तिला ठाऊक आहेत,
दुसऱ्या रुळासाठी दोनदा येऊन गेलीत.
म्हटलं, खेळण्यासाठी मोजतोय, बाय.
मग तिनेच टेपचं दुसरं टोक धरलं.
बाल्कांव, पायऱ्या, विहिरीचा काठ,
कुंपणापासून रुळापर्यंतचं अंतर.
ते लिहिताना आम्ही दोघं गप्प.
निघताना विचारलं तिने,
"कपडे सुकवपाची दोरी घालतले?"
घालीन.
"चादर धवी दवरात."

तिच्या अंगणात मी चादर कधी पाहिली नव्हती.
दोरी आहे. कपडे न्हाणीत सुकतात,
कारण कोळशाच्या वाघिणी रात्रीच्या जातात.

जाणकार सांगतात, कोरं बांधकाम खरं वाटत नाही,
ते जुनं करावं लागतं.
काळी पावडर, कोरडा ब्रश, हलका हात.
मी पावडरची बाटली आणून ठेवली.
त्या रात्री खिडकी लावायची राहिली.

सकाळी पाहतो तर
फलाटावर, पाण्याच्या टाकीवर,
पन्हळी कौलांच्या प्रत्येक खाचेत
काळं बसलेलं, असं नेमकं, असं हलकं
की ब्रशाने मला जन्मात जमलं नसतं.
सगळं एका रात्रीत खरं झालेलं.

धुळीला प्रमाण नसतं.
बाहेर जो कण नाकात गेला तरी कळत नाही
तोच इथे
दोन सेंटिमीटरच्या स्टेशनमास्तरच्या टोपीवर
सुपारीएवढा कोळसा.

बाटली पडून आहे, सील न फोडलेली.

चादर टिश्यू पेपरची केली,
सतरा मिलिमीटर बाय पंचवीस,
तारेच्या तुकड्यांचे दोन चिमटे.
रोज सकाळी बदलावी लागते.
ताट ठेवताना बायको विचारते,
आज काय बांधलंत?
काही नाही, म्हणतो.
धुणं वाळत घातलं.