एकास ऐंशी

राजारामपुरी, सातवी गल्ली.
पद्मावती मगदूम रिपोर्ट उलटा धरून बसल्यात.
एएनए पॉझिटिव्ह, एकास ऐंशी.
"म्हंजे माझंच रगात माझ्यावर उठलंय?"

मी कागद ठेवून हात मागतो.
हुपरीत चाळीस वर्षं
पैंजणाच्या कड्या जुळवलेली बोटं.
एकेक सांधा दाबतो: सूज नाही, ऊब नाही.
सकाळी किती वेळ आखडतात?
"च्या उकळंपातूर."
तोंडात फोड? उन्हानं चट्टे? केस?
"लेकीच्या लग्नात गेले थोडे."

बाई, कसोटीवरच्या एका रेघेनं
चांदीचा कस सांगता का?
"छ्या! आटणी लावून बघाय लागतं."

त्या हसतात.
मी हसत नाही.
गेल्या साली शिरोळच्या एका पोरीचा
रिपोर्ट निगेटिव्ह आला होता,
आणि मी तिचे हात
नीट पाहिलेच नव्हते.