आढळले नाही

पांढऱ्या कागदावर तिखटाचा ढीग.
तो सपाट करायचा, चमच्याच्या दांडीने
मधोमध अधिकचं चिन्ह ओढायचं,
समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे, दोन परत पिशवीत.
पुन्हा ढीग. पुन्हा चार.
अख्खं पोतं असं उतरत उतरत
पन्नास ग्रॅमवर येतं
आणि पोत्याच्या वतीने बोलतं.

मास्कमधूनही शिंक येते.
सात वर्षं झाली, येतेच.

नमुना क्रमांक एकशे बारा.
आम्हाला नाव कळू नये अशी व्यवस्था आहे.
पण झाकण उघडलं आणि तिखटामागून
दगडफुलाचा पुसट वास आला.
आधी सावजी मसाला दळून
त्याच पात्यावर मिरची घेणारी चक्की
गोळीबार चौकात एकच.
माझी आई तिथूनच आणते.
मी मेथेनॉल ओतलं.

स्तंभातून थेंब पडत राहतात, सेकंदाला एक.
घाई केली तर जे धरायचं तेच निसटतं.
बाहेर नवतपा, सेहेचाळीस.
आतला गारवा यंत्रासाठी आहे, मॅडम,
आपुन फुकटात बसून राहिलो,
असं निखारे दरवर्षी म्हणतात.

मग अंधारी पेटी, दिवा, काचपट्टी.
निळा.
आमच्या घरात निळा म्हणजे ताठ मान,
चौदा ऑक्टोबरची गर्दी, बापाचा इस्त्रीचा सदरा.
हा निळा तो नाही.
पण दिसायला सुंदर आहे,
आणि ते लिहायला अहवालात रकाना नाही.

मोठ्या यंत्राने आकडा दिला:
किलोमागे बेचाळीस मायक्रोग्रॅम. मर्यादा तीस.
म्हणजे वस्तीत येतो तो पाण्याचा टँकर,
त्यात टाकलेली चिमूट.
एवढंच. पण रोज,
भाजीत, वरणात, पोह्यांवरच्या तर्रीत,
आणि यकृत बिचारं मुकाट हिशेब ठेवतं.

अधिकाऱ्यांसोबत मी जायला नको होतं. गेले.
विमलताई धकाते पट्टा थांबवून उभ्या,
पापण्यांवरही लाल धूळ.
‘म्या काई मिसळवलं असन, मॅडम,
त हात झडन माहे.’
खरं होतं. विटेची पूड नव्हती,
रंग नव्हता, मी दोनदा पाहिलं होतं.
भेसळीला एक माणूस लागतो.
बुरशीला तेवढंही लागत नाही.

कळमन्यात मिरचीवर पाणी मारतात,
भरताना तुटू नये म्हणून,
आणि थोडं वजनालाही.
मारणारा हमाल, सांगणारा अडत्या,
खालच्या थरात राहिलेलं पोतं,
त्या रात्री गेलेली लाइट, थांबलेला पंखा.
मी बोट फिरवत राहिले
आणि ते कुणावरच टेकेना.
अधिकाऱ्यांचं टेकलं.
त्यांच्या फॉर्मवर ‘मालकाची सही’ असं छापलेलंच होतं.

एकशे तेरा मात्र चांगला निघाला.
त्याच्यापुढे मी लिहिलं: आढळले नाही.
‘नाही’ असं आम्ही कधी लिहीत नाही.
आमची नजर जिथवर पोचते
तिथवर काही दिसलं नाही, एवढीच आमची शपथ.
शुद्ध हा शब्द शिपायापासून संचालकांपर्यंत
आमच्यात कुणी वापरत नाही.
तो पाकिटांवर असतो.

‘आपलं तिखट बरं आहे ना?’ आई विचारते.
घरची बरणी मी प्रयोगशाळेत नेली नाही.
नियमात बसत नाही, हे एक.
‘नवीन आणू,’ म्हणते मी.
‘कुठून?’
तेल तापलेलं. ती चमचा घालते,
एक, मग सवयीने अर्धा.
खकाणा उठतो, आम्ही दोघी खोकतो.
स्वयंपाकघरातला बल्ब पिवळा आहे.
त्याच्याखाली सगळं
लालच दिसतं.