रकाना

तिसऱ्या रेल्वे गेटाचं फाटक पडलं
की आमच्या दवाखान्यात धूळ यायची
आणि बाळंतिणी खिडकीतून डबे मोजायच्या.
केसपेपर कानडीत छापलेला, मी मराठीत भरायची,
डॉक्टरीणबाई इंग्रजीत सही ठोकायच्या.
या गावात पाट्यांना डांबर फासलं गेलं, डोकी फुटली,
माणसं मोजून झाली : इतकी इकडची, इतकी तिकडची.

अरवा आली ती दिवस भरत आल्यावर.
सासऱ्यांचं खडेबाजारात नळ, नट, बोल्टचं दुकान.
तपासताना माझा हात थांबला.
जिथं काहीतरी असायला हवं
तिथं उसवून परत दाबलेल्या शिवणीसारखी पुसट रेघ.
भाजलं होतं काय गं लहानपणी?
छताकडं बघत म्हणाली,
नाही. कुंदा आणायला गेलो होतो.

सात वर्षांची. मावशीनं नवा फ्रॉक घातलेला.
एक अरुंद जिना, वर एक म्हातारी, चटईवर जुना पंचा.
दोघींनी पाय धरले.
त्यातली एक आई.
खाली उतरल्यावर द्रोणात कुंदा मिळाला, गरम.
"खोटं नव्हत्या बोलल्या, सिस्टर."

रक्तगट, रक्तदाब, कितवं बाळंतपण, जात :
सगळ्याला रकाना होता, याला नव्हता.
मी पेन उघडलं, झाकलं.
मला येत होता तो शब्द शिवीसारखा वाटला.
तुमच्या घरी काय म्हणतात?
म्हणत नाहीत, म्हणाली.

पुढं मी कॅलेंडरच्या पाठीवर रेघा ओढू लागले,
एका बाईची एक.
चौदा झाल्या, मग वर्ष संपलं, कॅलेंडर रद्दीत गेलं.

विचारलंही, टाके काढता काढता.
एकीची सासू म्हणाली, पोर उंडारत नाही मग.
दुसरी म्हणाली, सोयरीक मोडेल.
मागतात का दाखला?
नाही, पण कळतं सगळ्यांना.
बँकेतली एक म्हणाली, माझंही झालं, मला काय झालं?
आणि हसली,
गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.
पुरुषांना पाव इंची, अर्धा इंची सगळे आटे पाठ,
हे ठाऊक नाही.
किंवा ठाऊक असतं, आणि दुकान उघडायची वेळ झालेली असते.

"त्यांच्यात असतंय तसलं," आमची आया म्हणाली.
मला सौंदत्तीच्या डोंगरावरची माझी आत्या दिसली,
गळ्यात तांबडे-पांढरे मोती बांधून घेताना.
तेव्हाही बायकाच जमल्या होत्या. तेव्हाही जेवण गोडाचं.
मी आयेला म्हटलं, फडकं पिळ.

आठ वर्षांनी अरवा परत आली.
बोटाला जुमाना, पुढचे दोन दात पडलेले.
सासूबाई आता जिना नको म्हणतात,
दवाखान्यात करा म्हणतात, स्वच्छ.
सिस्टर, करू नका.
झालं म्हणून लिहा.
थोडा कापूस, औषधाचा पिवळा डाग आणि पावती.
पावती मानतात त्या.

तोवर मी नव्याण्णवचा तापसुद्धा
कधी शंभर लिहिला नव्हता.
डॉक्टरीणबाई जेवायला गेलेल्या.
लिहिलं.
पहिलीतल्या पोरीसारखं, दाबून, सुवाच्य.
उद्या कुणी मोजायला आलंच
तर आमच्या रजिस्टरात एवढी एकच सापडेल,
नाव, वय, तारखेसकट,
आणि तीच तेवढी झालेली नाही.

जुमानाला सांगितलं, दोन दिवस हळू चाल, दुखतंय म्हण.
ती लगेच लंगडायला लागली, डाव्या पायानं, ऐटीत.
पाय नाही गं दुखत, मी म्हटलं,
आणि पुढं काय सांगावं ते कळेना.

बाहेर फाटक पडलेलं.
मालगाडी येत होती, लांबलचक.
पोर सगळं विसरून सरळ उभी राहिली,
बोटं नाचवत डबे मोजायला लागली : अकरा, बारा, तेरा.
अरवानं वाकून तिच्या कानात सांगितलं,
लंगड.