ऐक

माझ्या भावाचं नाव पृथ्वीराज ठेवलं
आणि माझी पंचाईत झाली.
प वर माझे ओठ मिटायचे ते मिटलेलेच,
कुलूप लावून किल्ली आत विसरल्यासारखे.
मान हलायची, पाय आपटायचे,
प काही यायचा नाही.

म्हणून मी त्याला नुसतं ऐक म्हणायची.
ऐक, दूध घे. ऐक, तिकडं जाऊ नको.
तासगावच्या स्टँडवर एका बाईनं विचारलं,
बाळ, नाव काय तुझं?
तो म्हणाला, ऐत.

क चा त करायचा तो, ग चा द, र चा ल.
काकाचा ताता, कैरीची तैली.
गाडी म्हणजे दाडी;
सलूनवाला बबन त्याला वस्तरा दाखवून म्हणायचा,
ये, करू तुझी दाडी.
आणि मी गिरिजा, मी दिलिजा.
"दिली, जा! आत्ताच सासरी धाडतोय बघ,"
आत्या हसून हसून खोकायची.

त्याच आत्यानं दोघांसाठी एका सहाणेवर वेखंड उगाळलं,
त्याला मधातून, मला तसंच.
पोपटानं टोचलेला पेरू खाल्ला की जीभ सुटते म्हणे.
मी खाल्ला. सर्दी झाली.

पण बेदाण्याच्या शेडवर,
गंधकाच्या वासात बायका काड्या निवडत बसायच्या,
त्याला मुद्दाम बोलतं करायच्या
आणि माझ्याकडं बघायच्या: काय म्हणतोय गं?
मी सांगायची, घडाघडा.
त्याच्या गाडीचं चाक गटारीत पडलंय,
आणि पांढरं कुत्रं त्याला हसलं,
आणि पिवळ्या पाटीतले बेदाणे पाहिजेत, काळे नकोत.
एकदाही अडकले नाही.
आईनं हातातली काडी तशीच धरून माझ्याकडं बघितलं.
बोलली काही नाही.

मंगळवारी सांगलीला.
स्पीचच्या बाई आईस्क्रीमच्या काडीनं
त्याच्या जिभेचं टोक दाबून धरायच्या:
हं, आता म्हण. घशाजवळनं.
अकरा मंगळवार नुसता अ आला.
बाराव्याला, परतीच्या एसटीत, कवलापूरच्या पुढं
पेंगताना त्याची मान मागं पडली
आणि
क.
मग तासगावपर्यंत क, क, क.
कंडक्टर म्हणाला, कावळा बसलाय का गाडीत?
आई रडत होती.
मी खिडकीतनं द्राक्षाच्या बागा मोजत होते.

ग त्याच आठवड्यात आला. र दिवाळीनंतर.
एका सकाळी त्यानं हाक मारली, गिरिजा,
शाळेतल्या हजेरीसारखी स्वच्छ.
मी ओ दिली नाही.
शेडवरच्या बायका आता थेट त्यालाच विचारायच्या.
एक गेलं मार्गी, आत्या म्हणाली, आता हिचं बघा.

चौगुल्यांच्या दुकानात गर्दी होती.
मला पाव किलो पोहे पाहिजे होते.
असलं वाक्य कुणी बनवलं असेल?
प...
पापड? पेन? पणती? चौगुले म्हणाले.
मागं कुणीतरी हसलं.
त्यांनी दुसऱ्याची पुडी बांधायला घेतली.
भाऊ सहा वर्षांचा, काउंटरला हनुवटी टेकून उभा.
काय आणायचंय त्याला माहीत होतं,
आईनं दोघांच्या देखत सांगितलं होतं,
आणि आता त्याला सगळी अक्षरं येत होती.
तो म्हणाला,
"थांबा. ती बोलतीय."
आणि माझ्याकडं न बघता
बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या बघत उभा राहिला,
उशिरा का होईना एसटी येणार
हे ठाऊक असलेल्या माणसासारखा.
लागला तेवढा वेळ लागला.
पोहे घेऊन घरी आलो.

आता तो द्राक्षांचे कंटेनर घेऊन बंदराला जातो.
रात्री गाडी कडेला घेऊन फोन करतो.
माझा प अजून अधूनमधून मिटतो.
तेव्हा तो हॅलो हॅलो करत नाही.
मला इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते,
शेजारून गेलेला एखादा ट्रक,
कधी त्याचं चहा ओढणं.

सुरुवात मी अजून त्याच शब्दानं करते.
तो सोपा आहे.