एकच आवाज

भाग एकेचाळीस. नायक मेला. सुटले एकदाची.
चार आठवडे नुसता खिडकीत उभा होता ठोंब्या;
आणि डॉक्टरीणबाई ऑपरेशनला झुमके घालून!

आमच्या वूचमध्ये परदेशी मालिकांचे
सगळे संवाद एकटा निवेदक वाचतो.
बाई, पोर, खुनी, पोलीस, सगळ्यांना तोच कोरडा आवाज.
'तुझ्याशिवाय मी जगणार नाही' म्हणतो
'गॅस बंद केलास का' अशा सुरात.
मला पटतं. झेनॉननं लग्नाचं विचारलं
तेही बटाटे सोलता सोलताच.

आज निवेदक बदलला.
नवा पोरगा हुंदक्याच्या जागी हुंदका देतो.
वैताग.
उठले, जाऊन झेनॉनच्या कोपऱ्यात बसले.
इथून टीव्ही तिरपा दिसतो, दिवा डोळ्यांवर येतो.
एकोणीस वर्षं
बोलला नाही बेटा.