दुसरी बाजू

मोरेश्वर पौनीकरचं कूलर दुरुस्तीचं दुकान, इतवारीत.
शनिवारी सहानंतर गिऱ्हाईक बंद
आणि यमुना निनावे चालू.
वाळ्याच्या ताट्यांना टेकून आम्ही बसतो,
कपडे ओले होतात पाठीमागून,
मे महिन्यात तेवढंच बरं.

लांजेवार आधीच्या यमुनेचे.
एकोणऐंशीची, बावीस व्हायोलिनवाली,
दोन चेलो, आणि एक हार्प,
जी मुंबईहून ट्रकमधून आली म्हणे
गादीत गुंडाळून, नवरीसारखी.
"उशिराचं चांदणं" लागलं की ते चष्मा काढतात
आणि काचा पुसतात.
गाणं चार मिनिटांचं आहे.
काचा चार मिनिटं पुसतात.

सुषमा उके नंतरच्या यमुनेची.
चोवीस वर्षांची पोरगी, कोराडीला वीजकेंद्रात कामाला,
घोंघावण्याचं तिला काय कौतुक!
"काका, ते व्हायोलिन म्हणजे लग्नाच्या हॉलचा पडदा.
मखमली. मागं कोण उभं राहून राहिलं,
दिसतच नाही."
तिची यमुना एक्क्याण्णवची,
नाव नसलेली कॅसेट, कोरं पुठ्ठं.
रात्री अजनी यार्डात डबे जोडतात, तो धक्का,
मग तोच धक्का डब्याडब्यातून
पार सोनेगावकडे गेल्यासारखा,
आणि वर एकच स्वर. शब्द नाहीत.
कोणी दार धरून उभं आहे,
आत ये म्हणत नाही, जा म्हणत नाही.

"हे काऊन ऐकावं माणसानं?
यार्डात जाऊन फुकट ऐकतो ना मी."
"मग गेले का कधी?"
लांजेवार पाणी पितात.
गेले होते. प्लॅटफॉर्म तिकीट काढून, रात्री दीडला,
शेवटच्या बाकावर डोळे मिटून.
सोबत मी होतो. मी सांगत नाही.

मग ते नेहमीचं सुरू होतं.
कंपनीनं तिला काढलं की तिनं कंपनी सोडली.
आवाज गेला म्हणून कुजबुजायला लागली
की कुजबुजायचंच होतं म्हणून जाऊ दिला.
धरमपेठेतलं घर. तो अरेंजर. घशाचं ऑपरेशन,
जे झालं होतं किंवा झालं नव्हतं.
पोहे येतात. तर्री पातळ की बरोबर
यावरही दोन पक्ष पडतात, तेच दोन.

मी कोणाच्या बाजूचा, कोणी विचारत नाही.
मी कॅसेट उलटवतो. ते माझं काम.

गेल्या शनिवारी मोरेश्वर बोलला.
मोरेश्वर बोलत नाही सहसा.
हातात उघडा पंप, तोंडात स्क्रू,
तो काढून म्हणाला,
ब्याण्णवच्या टेपवर जी टिपटिप आहे ना,
तो कूलर मी पाह्यला आहे.
सोळा वर्षांचा होतो, बाबांनी धाडलं, वर्धा रोडला, वरची खोली.
बाई म्हणाल्या, राहू दे रे.
तो लय चुकतो म्हणून तर ठेवला आहे.
दुरुस्त न केल्याचे अकरा रुपये दिले.

"आणि?" दोघंही.

आणि मी पाने भरत होतो पिशवीत,
तर आत चहा टाकता टाकता गुणगुणत होत्या.
त्यानं गुणगुणून दाखवलं, बेसूर, लाजत.
"उशिराचं चांदणं" होतं.
पण गाण्याची चाल नव्हे.
मागच्या व्हायोलिनची.

बाहेर एक टेम्पो मागं घेत होता कोणीतरी,
आन दे, आन दे, बस.

"कोणत्या पट्टीत?" लांजेवारांचा घसा बसलेला.
"तेव्हा टेप चालू होता का?" सुषमा जवळपास ओरडलीच.

आता मला काय मालूम जी, मोरेश्वर म्हणाला,
पंप होता हातात.
त्यानं तोच पंप समोरच्या कूलरला जोडला, बटन दाबलं.
पाणी चढलं, अडखळलं, ताटीवरून उतरू लागलं.

लांजेवार वाकून ऐकत राहिले बराच वेळ.
"हा तर लयीत आहे,"
म्हणाले, जरा खट्टू होऊन.